आयरॅम: सरासरी न काढणारं तपासणी-नियोजनाचं साधन

एखाद्या पर्यावरण यंत्रणेकडे ४०० परवानाधारक कारखाने आणि मोजके निरीक्षक असतील, तर कुठे दरवर्षी जायचं आणि कुठे तीन वर्षांतून एकदा, हे कुणीतरी ठरवतंच. बहुतेक वेळा ते मागच्या वर्षीच्या यादीवरून ठरतं, नाहीतर तक्रारींच्या संख्येवरून, आणि कधी कधी चक्क कार्यालयापासूनच्या अंतरावरून. आयरॅम या निर्णयाला हिशेबाची जोड देतं. पूर्ण नाव इंटिग्रेटेड रिस्क असेसमेंट मेथड. युरोपातल्या पर्यावरण तपासणी यंत्रणांचं जाळं असलेल्या इम्पेल या संस्थेने ते तयार केलं. इम्पेल १९९२ मध्ये अनौपचारिक जाळं म्हणून सुरू झाली आणि २००८ पासून बेल्जियमच्या कायद्याखाली नोंदलेली, ना-नफा तत्त्वावरची संस्था आहे. युरोपीय संघाबाहेरच्या नॉर्वे, स्वित्झर्लंड, तुर्किये अशा देशांच्या यंत्रणाही तिच्या सदस्य आहेत. आयरॅमचं काम ईझीटूल्स नावाच्या प्रकल्पातून झालं. त्यात जर्मनीच्या नॉर्थ राईन-वेस्टफालिया राज्याचा पुढाकार होता, पण वेगवेगळ्या देशांतले प्रत्यक्ष कारखान्यात जाणारे निरीक्षक एकत्र बसले होते, आणि ते साधन वापरताना जाणवतं. सल्लागार कंपन्यांच्या तक्त्यांना असतो तो फापटपसारा इथे नाही.

याची गरज कायद्यातून आली. औद्योगिक उत्सर्जनाबाबतचा २०१० चा युरोपीय निर्देश, क्रमांक २०१०/७५, कलम २३ मध्ये सांगतो की सर्वांत जास्त जोखमीच्या कारखान्याला निदान वर्षातून एकदा आणि सर्वांत कमी जोखमीच्या कारखान्याला निदान तीन वर्षांतून एकदा भेट दिली पाहिजे. गंभीर उल्लंघन सापडलं तर सहा महिन्यांच्या आत आणखी एक भेट. अहवाल दोन महिन्यांत कारखान्याकडे, चार महिन्यांत जनतेसमोर. जोखीम ठरवायला तीन गोष्टी बघायच्या: आरोग्यावर आणि पर्यावरणावर होणारा किंवा होऊ शकणारा परिणाम, परवान्याच्या अटी पाळल्याचा इतिहास, आणि एमास या युरोपीय पर्यावरण व्यवस्थापन योजनेतला सहभाग. या तीन गोष्टींची गोळाबेरीज कशी करायची, याबद्दल मात्र कलम गप्प आहे. ती जागा आयरॅम भरतं.

जोखमीचे तक्ते युरोपात आधीही होते. त्यातले बरेचसे निकषांना गुण देऊन सरासरी काढायचे, आणि सरासरीत एक जुनी खोड असते: आठ निकषांपैकी एकावर कारखाना भयंकर असला, तरी उरलेले सात सौम्य गुण त्याला झाकून टाकतात. दुसरं टोक म्हणजे फक्त सर्वांत मोठा गुण बघायचा. त्यात अर्धे कारखाने वरच्या वर्गात जाऊन बसतात आणि प्राधान्य म्हणून काही उरतच नाही. आयरॅमने मधली वाट काढली आणि ती चार नियमांत बसवली. पहिला, भेटींची वारंवारता, म्हणजे कारखान्याचा वर्ग, सर्वांत मोठ्या गुणावरून ठरते. दुसरा, तो सर्वांत मोठा गुण ठरलेल्या किमान संख्येने आला नाही, तर वर्ग एक पायरी खाली येतो. या किमान संख्येलाच ‘रूल’ म्हणतात. तिसरा, चालकाच्या वर्तनामुळे वर्ग वर किंवा खाली सरकू शकतो, पण फक्त एक पायरी. चौथा, गुणांची बेरीज जितकी मोठी, तितका तपासणीला द्यायचा वेळ जास्त.

आकडे घेऊन बघू. निकष आठ, गुण ० ते ५, रूल २. पहिला कारखाना जुन्या बॅटऱ्यांतून शिसं गाळणारा: हवेतलं उत्सर्जन ५, सांडपाणी २, घातक कचरा ३, वस्तीपासूनचं अंतर ३, परिसराची संवेदनशीलता २, अपघाताचा धोका १, आवाज १, वास १. बेरीज १८, सरासरी २.२५. दुसरा दूधप्रक्रिया प्रकल्प: २, ३, २, २, ३, २, २, २. बेरीज पुन्हा १८, सरासरी पुन्हा २.२५. सरासरीच्या तक्त्यात दोघे शेजारी बसतात. आयरॅममध्ये पहिल्याचा सर्वांत मोठा गुण ५ आहे पण तो एकदाच आला, म्हणून एक पायरी खाली, वर्ग ४. दुसऱ्याचा सर्वांत मोठा गुण ३, तो दोनदा आला, म्हणून वर्ग ३ वरच राहतो. शिसं गाळणाऱ्याने गेल्या वेळी धूर गाळायच्या पिशव्या फाटलेल्या ठेवल्या असतील आणि वर्तनाला अधिक १ मिळाला, तर तो ५ वर जातो. काम चोख ठेवून उणे १ मिळवला, तर ३. आणि बेरीज सारखी असल्यामुळे दोन्ही ठिकाणी तपासणीला लागणारा वेळ साधारण सारखाच धरला जातो. हेही पटण्यासारखं आहे. दूधप्रक्रिया प्रकल्पात बघण्यासारख्या गोष्टी थोड्या थोड्या पण बऱ्याच असतात.

रूल ३ किंवा ४ ठेवला म्हणून एकाच ५ असलेला कारखाना थेट २ वर घसरत नाही, कारण घसरण कधीच एका पायरीपेक्षा जास्त नसते. हा बंधारा या साधनाचा सर्वांत चांगला भाग आहे. वर्तनालाही तोच बंधारा लागू आहे. कितीही प्रमाणपत्रं भिंतीवर टांगली, तरी क्लोरीनचा साठा क्लोरीनचा साठाच राहतो.

इंटरनेटवरच्या साधनात काम दोघांत वाटलेलं असतं. समन्वयक निकष, मोजपट्ट्या आणि रूल ठरवतो, निरीक्षक आपापल्या कारखान्यांना गुण देतो. ही विभागणी नुसती सोयीची नाही. गुण देणाऱ्याच्या हातात मोजपट्टी दिली, की दोन वर्षांत प्रत्येक निरीक्षकाचं आयरॅम वेगळं होतं. साधनच हवं असंही नाही. साध्या स्प्रेडशीटमध्ये मॅक्स आणि काउंटइफ ही दोन सूत्रं आणि एक अट एवढ्यात ही पद्धत बसते, आणि लहान यंत्रणेला तेवढं पुरतं. तसं केलं तर मोजपट्टीचं पान कुलूपबंद ठेवावं आणि प्रत्येक गुणाशेजारी तारीख, नाव आणि कशावरून दिला हे लिहायला एक रकाना ठेवावा. पुढच्या वर्षी ५ का दिला हे कुणालाच आठवत नसतं.

खरी मेहनत मोजपट्टी बसवण्यात आहे. हवा आणि पाणी यांसाठी बऱ्याच जणांना युरोपीय प्रदूषक नोंदवहीचे उंबरठे, म्हणजे ज्यापुढे कारखान्याला उत्सर्जन कळवावं लागतं ते आकडे, सोयीचे वाटतात. या नोंदवहीच्या, म्हणजे ई-पीआरटीआरच्या, २००६ च्या नियमात ९१ प्रदूषकांचे वार्षिक उंबरठे दिलेले आहेत: हवेत नायट्रोजन ऑक्साइड १ लाख किलो, गंधकाचे ऑक्साइड १.५ लाख किलो, अमोनिया १० हजार किलो, शिसं २०० किलो, पारा १० किलो. कारखान्याचं वार्षिक उत्सर्जन भागिले उंबरठा, असं गुणोत्तर काढायचं आणि त्याला गुण लावायचे. उदाहरणार्थ ०.१ च्या आत १, ०.१ ते १ ला २, १ ते २ ला ३, २ ते ५ ला ४, त्यापुढे ५. वर्षाला १,२०० किलो शिसं सोडणाऱ्याचं गुणोत्तर ६, म्हणून गुण ५. अनेक प्रदूषक असतील तर सर्वांत मोठं गुणोत्तर घ्यावं. सगळ्यांची बेरीज केली की दहा किरकोळ गोष्टी मिळून एका गंभीर गोष्टीइतक्या दिसू लागतात, म्हणजे दारातून हाकललेली सरासरी खिडकीतून परत आत.

इथे एक खड्डा आहे. नोंदवहीत उंबरठ्याखालचं उत्सर्जन दिसत नाही, आणि आकडे कारखान्याने स्वतः दिलेले असतात. ज्याने काहीच कळवलं नाही त्याच्या रकान्यात रिकामी जागा येते आणि सूत्र तिला शून्य समजतं. सर्वांत बेफिकीर कारखाना यादीच्या तळाशी जाऊन निवांत बसतो. म्हणून रिकाम्या रकान्याला त्या उद्योगप्रकाराचा नेहमीचा वरचा गुण द्यावा आणि आकडा मिळाल्यावरच तो खाली आणावा. शिवाय हे आकडे वर्षभराहून जुने असू शकतात. मधल्या काळात परवाना बदलला असेल, नवी भट्टी बसली असेल, तर गुण परवान्यावरून द्यावा, नोंदवहीवरून नव्हे.

वर्तनाच्या निकषांत याहून अवघड गोष्ट लपलेली आहे. अटी पाळल्याचा इतिहास कोरा असण्याची कारणं दोन असतात: उल्लंघन झालंच नाही, किंवा कुणी बघायलाच गेलं नाही. साध्या तक्त्यात दोघांनाही उणे १ मिळतो, मग वर्ग खाली येतो, मग भेटी आणखी विरळ होतात आणि इतिहास आणखी कोरा राहतो. गेल्या तीन वर्षांत किमान एक पूर्ण तपासणी झालेली नसेल, तर वर्तनाला ० द्यावा, उणे १ नाही. हा नियम लिहूनच ठेवावा, कारण तोंडी ठेवला तर टिकत नाही.

चालकाचा दृष्टिकोन हा निकष अनेक यंत्रणा वापरतात. माझ्या मते तो एकतर काढून टाकावा किंवा मोजता येईल असा करावा: मागितलेली कागदपत्रं ठरलेल्या मुदतीत आली का, आधीच्या अहवालातल्या त्रुटी दुरुस्त झाल्या का, बिघाड स्वतःहून कळवला का. निरीक्षकाशी अदबीने बोलणारा व्यवस्थापक आणि अटी पाळणारा व्यवस्थापक ही दोन वेगळी माणसं असू शकतात. तक्रारींच्या संख्येचंही तसंच. तक्रार कशी करायची हे माहीत असलेल्या वस्तीतून तक्रारी जास्त येतात. त्या अवांतर भेटीचं कारण म्हणून घ्याव्यात, जोखमीचा गुण म्हणून जपूनच.

एमासला उणे १ देताना फारसा वाद होत नाही, कारण निर्देशातच त्याचं नाव आहे. त्या योजनेत कायदे पाळल्याची पडताळणी अधिकृत पडताळणीकार करतो आणि पर्यावरण निवेदन जाहीर करावं लागतं. आयएसओ १४००१ या पर्यावरण व्यवस्थापनाच्या प्रमाणपत्राला तोच गुण द्यावा का, यावर यंत्रणांची मतं वेगळी पडतात. मी ० देण्याच्या बाजूचा आहे. २०२४ च्या दुरुस्तीने, म्हणजे निर्देश २०२४/१७८५ ने, पर्यावरण व्यवस्थापन पद्धती ठेवणं बड्या उद्योगांना बंधनकारकच केलं आहे. जे सगळ्यांकडे असणार, त्याने कुणाची जोखीम वेगळी दिसणार नाही.

निकष किती असावेत? सहा ते दहा. त्याहून जास्त झाले की एकच गोष्ट दोनदा मोजली जाऊ लागते. हवेतलं उत्सर्जन, वस्तीपासूनचं अंतर, वास आणि तक्रारी हे चार निकष ठेवले, तर गावालगतच्या एकाच धुराड्याला दोन-तीन निकषांत ५ गुण सहज मिळतात आणि रूल २ असूनही आपोआप पूर्ण होतो. रूल ठरवण्याआधी आपल्या यादीतल्या कारखान्यांचे गुण मांडून बघावेत. दोन निकष जवळजवळ नेहमी सोबतच वर जात असतील, तर एक काढावा. गुण देण्यातला माणसापरत्वे फरकही आधी मोजावा: दहा कारखाने निवडून दोन निरीक्षकांनी एकमेकांना न विचारता गुण द्यायचे, आणि जिथे दोन किंवा अधिक गुणांचा फरक येईल त्या निकषाची व्याख्या नव्याने लिहायची. ‘संवेदनशील परिसर’ असं मोघम लिहिलं की हमखास फरक पडतो. ‘५०० मीटरच्या आत पिण्याच्या पाण्याचा स्रोत किंवा संरक्षित क्षेत्र’ असं लिहिलं की पडत नाही.

आता त्या जागेकडे, जिथे या साधनाचा सर्वांत जास्त गैरवापर होतो. वर्ग ठरले की वेळापत्रक येतं. समजा ४०० पैकी १५० कारखाने दरवर्षी, १५० दोन वर्षांनी, १०० तीन वर्षांनी. वर्षाच्या भेटी १५० अधिक ७५ अधिक ३३, म्हणजे २५८. तयारी, प्रत्यक्ष भेट, अहवाल आणि पाठपुरावा धरून एका भेटीला पाच मनुष्यदिवस लागले, तर १,२९० दिवस. एका निरीक्षकाचे नियोजित तपासणीसाठी वर्षाला १२० दिवस मोकळे असतील, तर जवळजवळ ११ माणसं लागतात. उरलेले दिवस अपघात, तक्रारी आणि परवाना नूतनीकरण यांना लागतातच. त्यांना तर कलम २३ मध्ये वेगळं स्थान आहे. आणि हाताशी सात माणसं असतात.

इथे हात मोजपट्टीकडे जातो. ५ चा उंबरठा थोडा वर केला की पन्नास कारखाने खाली उतरतात. कागदावर सगळं जमतं. पण हिशेब करून बघा: वरच्या वर्गातले ५० कारखाने दरवर्षीऐवजी दोन वर्षांवर नेले तर वर्षाला २५ भेटी वाचतात. मधल्या वर्गातले सगळे १५० दोनऐवजी तीन वर्षांवर नेले तरीही २५ च वाचतात. म्हणून कात्री नेहमी वरच्या वर्गालाच लागते, म्हणजे जिथे लागू नये तिथेच. आणि दोन्ही मिळून वाचतात ते २५० दिवस, म्हणजे दोन माणसंच. सातांत काम तरीही बसत नाही. मोजपट्टी परिणामावरून ठरवावी, गोठवावी, आणि माणसं कमी पडत असतील तर तो तुटीचा आकडा तपासणी आराखड्यात छापावा. आराखडा सार्वजनिक करणाऱ्या यंत्रणेला तुटीचा आकडा अंदाजपत्रकासाठी वापरता येतो. वाकवलेली मोजपट्टी कशालाच वापरता येत नाही. तात्पुरती सवलत लागलीच, तर चौथ्या नियमाची वाट मोकळी आहे: भेटी तेवढ्याच ठेवून कमी बेरजेच्या कारखान्यातली तपासणी आटोपशीर करायची, एका वर्षी हवा आणि पुढच्या खेपेला पाणी व कचरा.

आयरॅम काय करत नाही, तेही माहीत असावं. कारखान्यात गेल्यावर काय बघायचं हे ते सांगत नाही. इम्पेलच्या तपासणी चक्रात संदर्भ समजून घेणं, प्राधान्य ठरवणं, उद्दिष्टं ठरवणं, आराखडा, अंमलबजावणीची तयारी, तपासणी व अहवाल, कामगिरीचं मोजमाप असे टप्पे आहेत. आयरॅम त्यातल्या फक्त प्राधान्याच्या टप्प्यावर उभं आहे. घातक रसायनांच्या मोठ्या अपघातांबाबतच्या सेवेसो-३ निर्देशासाठी ते चांगलं चालतं. तिथे वरच्या श्रेणीला वर्षाला एक आणि खालच्या श्रेणीला तीन वर्षांत एक भेट असं बंधन आहे, पण पद्धतशीर मूल्यमापनावर आधारलेला कार्यक्रम असेल तर वेगळं अंतर ठेवता येतं, आणि ते मूल्यमापन म्हणून आयरॅमचा तक्ता दाखवता येतो. सीमेपार कचऱ्याच्या वाहतुकीसाठी मात्र ओढाताण होते. गुण द्यायचे ते ठिकाणाला, आणि इथे जोखीम फिरती असते. वापरायचंच असेल तर कचरा पाठवणारा, कचऱ्याचा प्रकार आणि पोहोचायचं ठिकाण या तिघांना मिळून एक एकक धरावं. पोहोचायच्या ठिकाणाचा गुण तिथल्या यंत्रणेला विचारल्याशिवाय देऊ नये. त्या कारखान्याकडे परवाना आहे का, त्याची क्षमता कागदावरच्या टनांएवढी आहे का, हे पाठवणाऱ्या देशात बसून कळत नाही. त्यासाठी समोरच्या देशातला निरीक्षक फोनवर मिळावा लागतो, आणि इम्पेलच्या जाळ्याचा रोजचा उपयोग खरं तर तोच आहे. नवीन कचरा वाहतूक नियमाने, म्हणजे २०२४/११५७ ने, कागदपत्रांच्या इलेक्ट्रॉनिक देवाणघेवाणीसाठी २१ मे २०२६ ही तारीख ठेवली. त्यामुळे कागद जुळवण्याचा वेळ वाचतो, फोनची गरज तशीच राहते.

आयरॅमला जोडून घ्यावी अशी इम्पेलची दुसरी सेवा म्हणजे इम्पेल रिव्ह्यू इनिशिएटिव्ह, आयआरआय. यंत्रणा स्वतःहून बोलावते. वेगवेगळ्या देशांतल्या निरीक्षकांचा गट येतो, आधी प्रश्नावली भरून घेतो, साधारण चार दिवस मुलाखती घेतो आणि कागद बघतो. शेवटी चांगल्या पद्धती आणि सुधारणेला वाव असलेल्या जागा असा अहवाल देतो. हे लेखापरीक्षण नाही, निकालही नाही, आणि त्यामुळेच लोक मोकळेपणाने बोलतात. त्याची कमजोरीही तिथेच आहे. व्याप्ती यजमान ठरवतो आणि दुखरी जागा सहज बाहेर ठेवता येते. पाहुण्यांना स्थानिक भाषेतल्या फाइली वाचता येत नाहीत, म्हणून ते सांगितलं जाईल त्यावर विसंबतात. बोलावणाऱ्यांनी दोन गोष्टी कराव्यात. जोखीम-मोजपट्टी आणि भेटींचं वेळापत्रक व्याप्तीत नावानिशी लिहावं. आणि पाच-सहा कारखान्यांच्या फाइलींचा सारांश भाषांतर करून, आपले गुण झाकून, पाहुण्यांपुढे ठेवावा: आपल्याच मोजपट्टीने त्यांनी गुण द्यावेत. दुसऱ्या देशातल्या निरीक्षकाने ३ दिला आणि आपल्या फाइलीत ५ असेल, किंवा उलट, तर त्या निकषावर अर्धा दिवस खर्च करावा. वर्तनाच्या निकषांत हा फरक सर्वांत मोठा निघण्याची शक्यता असते, म्हणून पहिला अर्धा दिवस तिथेच ठेवावा.